पोतनीसांची हिस्ट्री

अनंतराव पोतनीस भाजी तोलून व्हायच्या आधीच पैसे काढून हातात धरत. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरची भाजीवाली हसायची. "बाबू, पहिली तउलन तो दे," म्हणायची. पण अनंतरावांना तेवढाही धीर नसे. टमाटर आपल्या पिशवीत पडलेत आणि पैसे अजून आपल्याच खिशात आहेत, या दोन क्षणांच्या मध्ये जी जागा असते, तिला ते कर्ज म्हणत.

न्हाव्याला ते खुर्चीत बसण्याआधी पैसे देत. डॉक्टरांची फी नाडी दाखवण्याआधी टेबलावर ठेवत. एकदा किराणावाल्याकडे सुट्टे नव्हते. "बाद में दे देना, भैया," तो म्हणाला. तर हे भर उन्हात जयस्तंभ चौकापर्यंत चालत गेले, नोट मोडून आणली आणि पैसे त्याच्या गल्ल्यावर ठेवले. किराणावाल्याला वाटलं, या माणसाचा आपल्यावर राग आहे. राग नव्हता. भीती होती, पण ती इतकी जुनी होती की त्यांना ती तत्त्वासारखी वाटे.

भीतीचं मूळ ब्राह्मणपाऱ्यात होतं. तिथे पोतनीसांचं स्वतःचं घर होतं. अनंतरावांचे आजोबा एका मित्राला जामीन राहिले. मित्र गावातून गेला आणि त्याच्या मागोमाग घर गेलं. अनंतराव तेव्हा जन्मलेही नव्हते. पण त्यांच्या लहानपणी घरात 'जामीन' हा शब्द एखाद्या रोगाच्या नावासारखा हळू आवाजात उच्चारला जाई, आणि मुलं असे शब्द शाळेतल्या कवितांपेक्षा लवकर पाठ करतात.

आडनावाची गंमत वेगळीच होती. भोसल्यांच्या फौजेबरोबर या मुलखात आलेला त्यांचा मूळ पुरुष रतनपूरच्या खजिन्यावर होता. पोतनीस म्हणजे तेच, खजिन्याचा हिशेब ठेवणारा. दुसऱ्याचे पैसे मोजणारा. या घराने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे पैसे इतके नीट मोजले की स्वतःचे मोजायची वेळ फारशी आली नाही. अनंतरावांनीही सिंचन खात्याच्या कार्यालयात जन्मभर तेच केलं. त्या मूळ पुरुषाची मोडीतली सनद काचेच्या चौकटीत घालून बैठकीत लावलेली होती. ती घरात कुणालाच वाचता येत नसे, त्यामुळे तिच्याविषयी मतभेद नव्हते.

कार्यालयात सगळ्यांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं असे. कुणी स्कूटरसाठी, कुणी बहिणीच्या लग्नासाठी, कुणी नुसतंच मिळतंय म्हणून. पगाराच्या दिवशी सगळ्यांच्या पाकिटातून काहीतरी कापलेलं असे, अनंतरावांचं पाकीट तेवढं अख्खं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात सांगितलं, "पोतनीस बाबू पर किसी का एक पैसा बकाया नहीं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनंतरावांना जन्मात मिळालेलं हे एकच पदक होतं. ते छातीवर लावता येत नसल्यामुळे ते बोलण्यात लावत. "मले कोणाचं काही देणं नाही," हे वाक्य त्यांच्या संभाषणात कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी येई.

ते राहत मात्र भाड्याच्या घरात. हरिदास साहू नावाच्या व्यापाऱ्याच्या घराचा वरचा मजला, तीन खोल्या आणि एक सज्जा. लग्न होऊन इथेच आले, मुलगा शिशिर इथेच जन्मला, केस इथेच पांढरे झाले. भाडं एक तारखेला सकाळी खाली पोचतं व्हायचं. शिशिरने एकदा मोबाइलवर आजवरच्या भाड्याची बेरीज करून दाखवली होती. "बाबा, इतने में तो पूरा मकान आ जाता. नीचे का भी."

"भाडं दिलं की संपते," अनंतराव म्हणाले होते. "कर्ज संपत नाही. भाड्याच्या घरात माणूस मोकळा झोपते."

शिशिरला मराठी सगळी समजायची, उत्तर तो हिंदीत द्यायचा. त्या वेळी त्याने मोबाइल खिशात घातला आणि तो जिना उतरून गेला.

अनंतरावांच्या या मोकळ्या झोपेची व्यवस्था त्यांच्या पत्नी सुजाताबाई पाहत. बैठकीच्या खिडकीशी त्यांचं शिलाईचं मशीन होतं. त्या ब्लाउज शिवत, साड्यांना पिको-फॉल करून देत. बोलणं कमी. दिवसभरात त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघणारा शब्द 'हव'. छत्तीसगढीत हव म्हणजे होय. पण रायपुरात राहून मराठी माणसाच्या तोंडातही तो असा मुरलेला असतो की होकार हा त्याचा सगळ्यात कमी वापरातला अर्थ उरतो. ऐकलं, कळलं, पुरे झालं, तुम्ही म्हणता तर तसं, हे सगळं सुजाताबाई 'हव'मध्ये बसवत.

आणि त्यांची भिशी होती. ओळखीच्या बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम गोळा करत, चिठ्ठी काढत, जिचा नंबर निघेल तिला सगळे पैसे. पद्मिनीबाई नावाच्या शेजारीणबाई ती चालवत. भिशीला अनंतरावांची हरकत नव्हती. ती बचत होती, कर्ज नव्हतं. घरात फ्रिज आला तेव्हा त्यांनी विचारलं, "भिशी?"

"हव," सुजाताबाई म्हणाल्या.

नवं मशीन आलं. भिशी? हव. शिशिरच्या पॅथॉलॉजीच्या डिप्लोमाची फी गेली. भिशी? हव. अनंतरावांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून आत नवं भिंग बसवलं, त्याचं बिल झालं. पट्टी बांधलेल्या डोळ्याने त्यांनी तेच विचारलं आणि तेच उत्तर मिळालं. "तुझा नंबर लय निघते बा," ते कौतुकाने म्हणत. बायको नशीबवान आहे असं ते लोकांना सांगत. आपण निष्कलंक, बायको नशीबवान. संसाराची त्यांनी केलेली मांडणी अशी स्वच्छ होती.

दसऱ्याच्या बऱ्याच आधी, एका एक तारखेला, हरिदास साहूंनी भाडं घेतलं पण मोजलं नाही. नोटा हातातच धरून बसले.

"पोतनीस बाबू, बेटा बेंगलुरु में है, वो आएगा नहीं. कहिथे, सब बेच दो. नीचे का सौदा हो गया." खालच्या गाळ्यात मोबाइलच्या कव्हरांचा आणि चार्जरांचा ठोक व्यापारी होता. "वो ऊपर भी माँगत हे, गोदाम बर. मैं बोला, पहिली पोतनीस बाबू ला पूछहूँ. आप ले लो तो आपको दूँगा, कम में दूँगा. दिवाली तक बता दो."

अनंतराव वर आले आणि सज्ज्यात उभे राहिले. या सज्ज्यातून आपण किती वर्षं खाली पाहतोय, असं त्यांना वाटलं नाही. त्यांना वाटलं, इथे खोके येणार. त्यांच्या जागी, बरोबर ते उभे होते तिथे, चार्जरांचे खोके एकावर एक.

"लोन लेते हैं," शिशिर म्हणाला. तो आता एका खाजगी लॅबमध्ये नोकरीला होता, पगार बँकेत जमा होत होता. "मेरे नाम पे. आपको कुछ नहीं करना, बस साथ में साइन."

"जामीन?"

"जामीन नहीं बाबा, को-ॲप्लिकंट."

"नाव बदलल्यानं काय होते?"

"तो फिर चौबे कॉलोनी चलो किराये पे. वहाँ का किराया मालूम है?"

अनंतरावांना ते माहीत नव्हतं. कळल्यावर ते पुन्हा सज्ज्यात जाऊन उभे राहिले. मग त्यांना एक विचार सुचला, आणि तो सुचल्यावर ते जवळजवळ खूष झाले. आयुष्यभर जपलेलं स्वच्छ नाव शेवटी कुठेतरी उपयोगी पडायचंच. कर्ज पोराचं असेल. आपण फक्त मागे उभं राहायचं, देवळामागे डोंगर उभा असतो तसं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

बँकेतल्या कर्जाच्या टेबलावर यामिनी नावाच्या तरुण अधिकारी होत्या. त्यांनी आधी शिशिरचं नाव पडद्यावर पाहिलं आणि भुवया वर केल्या.

"शिशिरजी, मोबाइल लिया था किश्तों पे. आख़िर की किश्तें छोड़ दीं?"

"मैडम, मोबाइल ही ख़राब निकला था. मैंने दुकानवाले को बोल दिया था कि अब नहीं दूँगा."

"दुकानवाले को बोला. और पैसा जिसने दिया था, उसको?"

शिशिर टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला. ते गेल्या महिन्याचं होतं.

"छोटी रक़म है," यामिनी म्हणाल्या, "लेकिन दाग़ तो लग गया. अभी भर दीजिए, काग़ज़ ले आइए. सुधरने में टाइम लगेगा. तब तक साथ में कोई अच्छा नाम चाहिए."

अनंतराव खुर्चीत सरळ झाले. आपलं पॅन कार्ड त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केलं. यामिनींनी आकडे टाकले, वाट पाहिली, पुन्हा टाकले.

"सर, आपकी तो कोई हिस्ट्री ही नहीं है."

अनंतराव समजूतदारपणे हसले. "मैडम, आपको किसी ने ग़लत बताया. हमारी हिस्ट्री रतनपुर से है. भोसलों के टाइम की."

यामिनींनी शिशिरकडे पाहिलं. शिशिर अजून कॅलेंडरकडे पाहत होता.

"वो वाली नहीं सर. लोन की हिस्ट्री."

"लोन हमने लिया ही नहीं. यही तो हमारी हिस्ट्री है."

"वही बोल रही हूँ. आपने कभी लिया नहीं, इसलिए कभी लौटाया भी नहीं. बैंक को कैसे मालूम पड़ेगा कि आप लौटाते हैं?"

कभी लौटाया भी नहीं. भाजी तोलण्याआधी पैसे देणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. बाकीचं त्यांना ऐकूच आलं नाही. मुलाच्या नावावर डाग होता, म्हणजे निदान कापड तरी होतं. त्यांच्या नावाच्या जागी पडद्यावर नुसता पांढरा उजेड होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरची सनद उतरवली. वर्तमानपत्रात गुंडाळली. कार्यालयाचं 'काही देणे नाही' असं प्रमाणपत्र घेतलं, वीज बिलांचा गठ्ठा घेतला.

"कहाँ ले जा रहे हो?" शिशिरने विचारलं.

"हिस्ट्री दाखवाले."

"बाबा, वो किसी से पढ़ी नहीं जाती. क्या पता उसमें उधारी ही लिखी हो."

"पोट्ट्या, तू तं बोलूच नको," अनंतराव म्हणाले. "मोबाइलवाला."

चौकट ई-रिक्षात एकट्याला सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून सुजाताबाई सोबत गेल्या. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्या काचेवर हात ठेवत होत्या.

यामिनींनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्या एकदम मराठीत म्हणाल्या, "अय्या, मोडी! काका, तुम्हाला मराठी येतं? काल सांगायचं ना. मी अमरावतीची."

अनंतरावांच्या जिवात जीव आला. मराठीत आपली बाजू पटेल असं त्यांना वाटलं. यामिनींनी सनद नीट पाहिली, प्रमाणपत्र वाचलं, वीज बिलं वेळेवर भरल्याबद्दल कौतुक केलं. मग चौकट हळूच त्यांच्याकडे सरकवली.

"काका, हे सगळं खरं आहे. पण मशीनला हे दिसत नाही. मशीनला फक्त एवढंच दिसतं, कुणी घेतलं आणि वेळेवर परत केलं. तुमच्याबद्दल त्याला काही वाईट वाटत नाही. त्याला तुम्ही दिसतच नाही."

"म्हणजे ज्यानं कर्ज केलं तो चांगला, न् ज्यानं नाही केलं तो..."

"तो माहीत नाही. वाईट नाही. माहीत नाही." त्यांनी जरा थांबून विचारलं, "घरात आणखी कोणी कमावतं का?"

"नाही," अनंतराव म्हणाले.

"मी ब्लाउज शिवते," सुजाताबाई म्हणाल्या.

"काकू, पॅन कार्ड आहे तुमचं?"

अनंतरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर सुजाताबाईंनी पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं. कार्डाच्या कडा झिजलेल्या होत्या. बऱ्याच टेबलांवर ठेवलं गेलेलं कार्ड असं दिसतं, हे अनंतरावांच्या नंतर लक्षात आलं.

यामिनी पडद्याकडे पाहता पाहता खुर्चीत पुढे आल्या.

"काकू! काय हिस्ट्री आहे तुमची! शिलाई मशीन, पूर्ण फेडलेलं. फ्रिज, फेडलेला. सोन्यावरचं कर्ज, दोनदा, दोन्ही वेळा मुदतीआधी. एक हप्ता चुकलेला नाही. आमच्या स्टाफचीसुद्धा अशी नाही."

"फ्रिज भिशीचा आहे," अनंतराव म्हणाले. कुणीतरी नोंद चुकवली होती आणि ती दुरुस्त करणं त्यांचं जन्मभराचं काम होतं.

"इथे फायनान्स दिसतंय, काका."

"भिशीचा आहे. नंबर लागला होता."

"आणि हे एक दवाखान्याचं. नेत्ररुग्णालय. बारा हप्ते."

अनंतरावांचा हात आपोआप उजव्या डोळ्याकडे गेला. ज्या भिंगातून ते पडदा वाचायचा प्रयत्न करत होते, ते हप्त्यावर घेतलेलं होतं. त्यातून सगळं लख्ख दिसत होतं.

परतताना ई-रिक्षात दोघांच्या मध्ये सनद होती. बूढा तालाबाशी रिक्षा वळली तेव्हा अनंतरावांनी विचारलं,

"भिशी कधी बंद झाली?"

"पद्मिनीबाई पुण्याले लेकीकडे गेल्या तवा."

पद्मिनीबाई गेल्या तेव्हा शिशिर शाळेत होता.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं ऑपरेशन करून घेतलं असतं तुम्ही?"

अनंतरावांनी विचार केला. खरं उत्तर फार लवकर सापडलं, म्हणून ते द्यावंसं वाटलं नाही.

"म्हणून," सुजाताबाई म्हणाल्या.

"मी लोकायले सांगत होतो, माझ्यावर एका पैशाचं कर्ज नाही."

"खरंच सांगत होते. तुमच्यावर नव्हतंच ना. माझ्यावर होतं."

घरी आल्यावर अनंतरावांनी फ्रिजचं पाणी पिणं सोडलं. माठातलं प्यायला लागले. डोळ्याचं मात्र काही करता येईना. सज्ज्यातून खाली पाहिलं की चार्जरवाल्या व्यापाऱ्याची माणसं जिन्याची रुंदी टेपने मोजताना दिसायची, आणि तो टेपवरचा आकडासुद्धा ते वरून वाचू शकत.

पुढचे दिवस घर त्यांच्याशिवाय चालू राहिलं. म्हणजे ते नेहमीच तसं चालत होतं; फरक इतकाच की आता त्यांना ते दिसत होतं. शिशिरने मोबाइलचं उरलेलं भरलं, दंडासकट. सुजाताबाई त्याला एका शब्दानेही रागावल्या नाहीत. फक्त त्याचा जुना, बंद पडलेला तो मोबाइल त्यांनी पिना ठेवायच्या डब्याशेजारी, मशीनवर, त्याला रोज दिसेल असा ठेवून दिला.

यामिनींनी हिशेब करून सांगितलं की मायलेकांच्या नावावर कर्ज बसतं. शिशिर आनंदला. "मैडम, थोड़ा ज़्यादा भी हो सकता है क्या? किचन नया करवा लेते."

"होऊ शकतं. हप्ता थोडा वाढेल," यामिनी म्हणाल्या.

"नाही," सुजाताबाई म्हणाल्या. "शिशिरचा पगार एक महिना नाही आला तं? माझ्या पितृपक्षात बसला पाहिजे हप्ता."

यामिनींना कळलं नाही. सुजाताबाईंनी समजावून सांगितलं, बायकांना माप सांगतात तशा सुरात. नवरात्रात, लग्नसराईत हाताला उसंत नसते. तेव्हाची कमाई पाहून हप्ता घेतला तर माणूस बुडतो. पितृपक्षात कुणी नवं कापड शिवत नाही. त्या पंधरवड्यात जेवढे पैसे हाती येतात, तेवढ्यावर महिना काढून जे उरेल, तो आपला हप्ता. एक संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. सणासाठी नाही, आहेरासाठी नाही. जे घेतलं त्यानं काम केलं पाहिजे, मशीन असो की डोळा असो.

"आता शिशिरचा पगार सोबत आहे, म्हणून घर हप्त्यात बसून राहिलं," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघर नाही बसत. जुन्यात काय वाईट शिजते?"

हे सगळं शिशिरने घरी येऊन बापाला सांगितलं. अनंतराव ऐकत होते. खजिन्यावर बसलेल्या त्या मूळ पुरुषाचं रक्त आपल्यात उतरलं असं ते समजत आले होते. ते लग्न करून बाहेरून आलेल्या बाईत कसं शिरलं, याचा खुलासा सनदेत असेल तर तो मोडीत होता.

आता एकच प्रश्न राहिला होता. घरावर ज्यांचं नाव लागेल त्या प्रत्येकाने कर्जाच्या कागदावर सही करायची, असा बँकेचा नियम होता. अनंतरावांचं नाव लावायचं की नाही?

"तुम्ही सही करा," सुजाताबाई म्हणाल्या. "हप्ता मी पाहते. तुमचं नाव पाहिजे घरावर."

ते दोन दिवस पेन घेऊन फिरले असं म्हटलं तरी चालेल. ब्राह्मणपाऱ्यातलं घर एका सहीने गेलं होतं, आणि इथे एका सहीने येत होतं. आजोबांनी ती सही कुठल्या हाताने, कशी केली असेल, हे त्यांनी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की स्वतःची सही त्यांना आजोबांची वाटू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते बँकेत गेले. आपली मुदत ठेव मोडली. निवृत्तीच्या वेळची सगळी शिल्लक त्यात होती. चेक आणून त्यांनी मशीनवर, जुन्या मोबाइलशेजारी ठेवला.

"पहिल्यांदा जे पैसे भराले लागतात ना, हे त्याच्यासाठी. कर्ज तेवढं कमी होईल."

"न् सही?"

"सही नाही करत." ते खिडकीबाहेर पाहत होते. "घर तुमच्या दोघांच्या नावावर घ्या. मी भाड्यानं राहीन."

"कोणाच्या?"

"तुझ्या."

मशीन थांबलं.

"हे डिपॉझिट समज," अनंतराव म्हणाले. "भाडं हरिदासजीले देत होतो तेवढंच. एक तारखेले."

सुजाताबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. पस्तीस वर्षांत हा माणूस बदलला नव्हता आणि आता बदलला तर नवा कुठे ठेवायचा हाही प्रश्नच होता.

"हव," त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या आठवडाभर आधी रजिस्ट्री झाली. हरिदास साहूंनी खरंच कमी घेतलं, वर पेढे दिले. दारावर 'अ. वि. पोतनीस' ही जुनी पाटी तशीच राहिली; भाडेकरूच्या नावाची पाटी असायला हरकत नव्हती. सनद पुन्हा भिंतीवर गेली. फ्रिजचं पाणी सुरू झालं, कारण भाडेकरूने मालकिणीच्या फ्रिजचा इतिहास विचारायचं कारण नसतं. शिशिर मित्रांना सांगू लागला, "हमारे यहाँ बाबा किरायेदार हैं," आणि हसू लागला. अनंतरावांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. एक तारखेला सकाळी आंघोळ करून ते पाकीट मशीनवर ठेवत. पाच तारखेला सुजाताबाई त्यात आपलं आणि शिशिरचं मिळवून हप्ता भरत. एकदा नळ गळत होता तेव्हा अनंतरावांनी रीतसर तक्रारही केली.

"घरमालकाचं काम आहे हे," ते म्हणाले.

"हव. प्लंबरले फोन करा," घरमालकीण म्हणाली.

असं वर्ष गेलं. मग पुन्हा नोव्हेंबर आला, आणि पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायची वेळ आली. सेवा केंद्रातल्या मशीनवर बोट ठेवलं की दाखला निघतो. अनंतरावांनी उजवं बोट ठेवलं, डावं ठेवलं, अंगठा ठेवला. ठसे जुळेनात. दुसरी बोटंही घासून झाली. "उमर में लकीरें मिट जाती हैं, बाबूजी," तिथला माणूस म्हणाला. "अर्ज़ी लगेगी. दो-चार हफ़्ते." आधी हिस्ट्री नव्हती, आता जिवंत असल्याचाही पुरावा राहिला नाही. त्या महिन्याची पेन्शन आली नाही. शिल्लक सगळी डिपॉझिटमध्ये गेलेली होती.

एक तारखेला ते आंघोळ करून आले आणि बैठकीच्या दारात उभे राहिले. सुजाताबाई कुणाच्या तरी लग्नाचा ब्लाउज शिवत होत्या.

"सुजाता."

"हव."

"ते भाडं..." पुढचा शब्द त्यांना येत नव्हता. सगळं आयुष्य त्यांनी तो इतरांच्या तोंडून ऐकला होता. सोसायटीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या सहकाऱ्यांच्या, किराणा दुकानातल्या बायांच्या. उच्चार माहीत होता, सराव नव्हता. "या महिन्यात जरा थांबशील का? दाखला झाला की देतो. पंधरा तारखेच्या आत देतो. नक्की देतो."

"हव." मशीन चालूच होतं.

"पाच तारखेले तुझा हप्ता आहे ना? कसा भरशील?"

"भरते. पितृपक्षाच्या हिशेबानं घेतला आहे. तेवढी सोय असते."

ते तरीही उभेच होते. मोकळा माणूस कसा उभा राहतो हे त्यांना ठाऊक होतं. देणं असलेल्या माणसाने उभं राहावं की बसावं, हे ठरत नव्हतं.

"व्याज किती लावशील?"

सुजाताबाईंनी ब्लाउज उचलला, दोरा दातांनी तोडला आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

"जुन्या गिऱ्हाइकाले व्याज नाही लावत मी."

"जुनं काहून? पहिल्यांदाच तं मागून राहिलो."

"हव," सुजाताबाई म्हणाल्या, आणि दुसरी बाही मशीनखाली घेतली.